ब्रिगेडियर, एकास पस्तीस

बीव्हीबी कॉलेजचं केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झालं २०१५ साली, पण हुबळीच्या विद्यानगरातले रिक्षावाले अजून बीव्हीबीच म्हणतात. त्याच न्यायानं आमचे ब्रिगेडियरही ब्रिगेडियरच. एका बँकेतून ते सीनियर मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. त्यांची लष्करी कारकीर्द म्हणजे कॉलेजातल्या एनसीसीचं बी सर्टिफिकेट, तेही लॅमिनेट करून ठेवलेलं. पदवी गल्लीनं दिली, त्यांनी ती फारसे आढेवेढे न घेता स्वीकारली. कुणी नवखा माणूस आदरानं विचारतो, "आपण कुठल्या रेजिमेंटला होता?" तेव्हा ते चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात आणि म्हणतात, "मी आपला लोन्सला होतो."

"मग सैन्यात का गेला नाहीत ओ?" असं मी एकदा विचारलं.

"गेलो असतो की. पण तिथं फार लवकर उठवतात."

उत्तर अगदी प्रामाणिक होतं. ब्रिगेडियरांचं प्रेम युद्धावर नाही आणि शौर्यावरही बेताचंच. त्यांचा जीव आहे तो सामानावर. रणगाड्याच्या पट्ट्यातले दुवे, तोफेच्या नळीवरचा धूर ओढून घेणारा फुगवटा, विमानाच्या पोटाखालची जादा टाकी यांच्याविषयी ते जे बोलतात, ते इतर नवरे बायकोविषयी बोलत नाहीत. १९९७ साली 'बॉर्डर' लागला तेव्हा सगळं थिएटर रडत होतं आणि हे पुढच्या रांगेला सांगत होते की लोंगेवालाला त्या सकाळी जैसलमेरहून आली ती हंटर विमानं, नीट बघा, मिग वेगळं दिसतं. पुढच्या रांगेनं कन्नडमध्ये जे उत्तर दिलं, ते वहिनी आजतागायत कुणाला सांगत नाहीत.

वहिनींचं माहेर बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि त्या रेजिमेंटची स्थापना १७६८ची. स्थळ सांगून आलं तेव्हा ब्रिगेडियरांनी म्हणे एवढाच विचार केला आणि होकार कळवला. वहिनींनी कसला विचार केला होता, हे त्या आता आठवून आठवून शोधतात.

गोकुळ रोडच्या विमानतळाकडे विमान चाललं की गल्लीतली पोरं वर बघतात. ब्रिगेडियर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतात, "एटीआर." आवाजात थोडी तुच्छता असते. त्यांच्या मते ज्याच्या पंखाखाली काही अडकवता येत नाही ते वाहन, त्याला विमान म्हणू नये.

दिवाणखान्यात काचेचं मोठं कपाट आहे. इतरांच्या घरी अशा कपाटात बोनचायनाचा टी-सेट आणि मुलांचे कप असतात. इथं खालच्या कप्प्यात रणगाडे, एकास पस्तीस. वरच्यात विमानं, एकास बहात्तर. एकास पस्तीस म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं. हे प्रमाण रणगाड्यांत रूढ केलं ते जपानच्या तामिया कंपनीनं, आणि त्यामागं काही लष्करी शास्त्र नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, त्याच्या पोटात बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून हा आकार. ब्रिगेडियरांना हे ठाऊक आहे, पण पाहुण्यांसमोर ते सांगत नाहीत.

वरच्या कप्प्यात मानाची जागा मारुतची. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बंगळुरात बनवलेलं, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं लढाऊ विमान. त्याचा आराखडा ज्या जर्मन अभियंत्यानं केला त्यांचं नाव कुर्ट टँक. "विमान करणाऱ्याचं आडनाव टँक," ब्रिगेडियर हात जोडून म्हणतात, "परमेश्वरानं माझ्यासाठी आणखी काय करायचं होतं?" शेजारी मिग-२१. नाशिकजवळ ओझरला या विमानांची वर्षानुवर्षं बांधणी झाली, म्हणून ते त्याला 'आपलं ओझरचं' म्हणतात. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला, बासष्ट वर्षांची सेवा संपली. त्या दिवशी ब्रिगेडियरांनी कपाटासमोर समई लावली आणि जेवताना गोड नको म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, घरात नवरात्र बसलंय, खीर नैवेद्याची आहे. थोडी वाटाघाट झाली. मग त्यांनी मिगच्या वतीनं एक वाटी घेतली.

नवरात्राचा विषय निघालाच आहे तर खंडेनवमीचंही सांगतो. आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना झेंडू. ब्रिगेडियरांच्या घरी खरी आयुधं, त्यामुळे पूजा साग्रसंगीत. अडचण अशी की टी-७२वर झेंडूचं एक फूल ठेवलं की रणगाडा दिसेनासा होतो. मग दर रणगाड्याला एक पाकळी, विमानाला अर्धी, असं चिमट्यानं मांडत बसतात. कुंकवाचं बोट लावायचं नाही, काडीनं ठिपका द्यायचा. खंडेनवमीच्या दिवशी त्या घरी दोनच्या आत पान वाढलेलं मी पाहिलेलं नाही.

काम करताना मात्र त्यांना बघावं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला जुनं वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग, हम्ब्रॉल रंगाच्या चिमुकल्या डब्या, कपडे वाळत घालायचे चिमटे, वहिनींची नखं घासायची कानस. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा; लाल रंग वहिनींच्या नेलपॉलिशच्या बाटलीतून येतो. पस्तिसाव्या हिश्शाचा सैनिक भरतो पाच सेंटिमीटर. त्याचा चेहरा उडदाएवढा. त्या चेहऱ्यावर डोळा काढायचा असतो. ब्रिगेडियर दात कोरायची काडी ब्लेडनं तासतात, तिचं टोक काळ्या रंगात जेमतेम बुडवतात, कोपर टेबलावर रोवतात आणि श्वास कोंडतात. घरात पंखा बंद. वहिनी पदरानं वारा घेत उभ्या. काडी चेहऱ्याच्या जवळ येते, आणखी जवळ, टेकते न टेकते, आणि त्याच क्षणी कुकरची शिट्टी होते.

अशा शिट्टीनं तिरळा झालेला एक सैनिक त्यांच्या संग्रहात आहे. त्यांनी त्याला पुसला नाही, १९६५ सालच्या पाकिस्तानी पॅटनवर गोलंदाज म्हणून नेमला. आसल उत्तरच्या लढाईचा निकाल ते आता त्याच्यावरूनच समजावून सांगतात.

प्रमाणाचं हे वेड एकदा डोक्यात गेलं की माणूस कुठं थांबेल याचा नेम नाही. टी-७२ एक्केचाळीस टनांचा. लांबी पस्तिसावा हिस्सा केली तर वजन पस्तीसच्या घनानं, म्हणजे बेचाळीस हजार आठशे पंच्याहत्तरनं भागायला हवं. आलं किलोला थोडं कमी. प्लास्टिकचा रणगाडा कसला तेवढा भरतो! "हातात घेतला की फसवल्यासारखं वाटतं," म्हणून ब्रिगेडियरांनी त्याच्या पोटात मावेल तेवढा गहू भरला आणि झाकण बसवून टाकलं. श्रावणात पाहुणे बसले असताना बुरुजाच्या फटीतून पोरकिडे बाहेर पडायला लागले. टी-७२मध्ये माणसं तीनच असतात. त्या दिवशी तिसाच्या वर उतरली.

हुबळीच्या स्टेशनचा १५०७ मीटरचा फलाट जगात सर्वांत लांब ठरला, २०२३च्या मार्चमध्ये त्याचं उद्घाटन झालं. सगळं गाव खूश. ब्रिगेडियरांनी मात्र कागद घेतला. "एकास बहात्तर केला तरी एकवीस मीटर होतोय. स्वयंपाकघरातून काढला तर गेटच्या बाहेर रस्त्यावर जाईल." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझ्या ओट्याखालून रेल्वे जाणार नाही." तेवढ्यावर प्रकल्प बारगळला.

गंमत अशी की एकास एकच्या जगात या माणसाचा हिशेब हटकून चुकतो. नवा सोफा त्यांनी नजरेनं मापून घेतला. तो दारातून आत गेला नाही, खिडकीतून गेला नाही, शेवटी पाय कापून आत आला. आता त्यावर बसलेला माणूस टेबलाकडे खंदकातून बघितल्यासारखा बघतो. ब्रिगेडियरांना तो कोन आवडतो.

गल्लीत दिवाळीला पोरं किल्ले करतात. ही आपली मराठी रीत हुबळीतल्या घरांनी अजून सोडलेली नाही: दगडविटा, माती, पोत्याचं फडकं, अळीव पेरून केलेलं रान आणि बाजारातले मातीचे मावळे. एका वर्षी परीक्षक म्हणून ब्रिगेडियरांना बोलावलं. ते फूटपट्टी घेऊन गेले. मावळा निघाला चार इंचांचा. "साडेपाच फुटांचा माणूस धरला तर प्रमाण साधारण एकास सोळा. किल्ल्याची उंची तीन फूट. म्हणजे तुमचा रायगड पन्नास फुटांचा. पोरांनो, हा किल्ला नव्हे, चारमजली अपार्टमेंट झालं." पोरं गप्प. मग ते सिंहासनाशी आले. महाराज नऊ इंचांचे होते, बुरुजाच्याही वर. "आणि हे काय?"

एक चड्डीतला पोरगा म्हणाला, "आजोबा, महाराज मोठेच असतात."

ब्रिगेडियरांनी फूटपट्टी खिशात घातली. पहिला नंबर त्याच किल्ल्याला दिला. फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'प्रमाण सदोष. भावना योग्य.'

कामाला येणाऱ्या बाई या सगळ्या ऐवजाला 'आटगी सामान' म्हणतात, म्हणजे खेळणी. "आटगी सामान अल्ल, मॉडेल!" असं ब्रिगेडियर वर्षानुवर्षं त्यांना सुनावत आले. मग एकदा जपानहून मागवलेली पेटी कस्टममध्ये अडकली आणि कागद आले. ९५०३ क्रमांकाच्या एकाच शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या, कोडी आणि 'लहान आकारातली प्रतिरूपं' बसवलेली. म्हणजे सरकारही बाईंच्याच मताचं. त्यात खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झालं आणि २०२३ साली सत्तर. हेतू देशी खेळण्यांना उभारी देण्याचा. ब्रिगेडियर संरक्षण उत्पादनातल्या आत्मनिर्भरतेचे कडवे पुरस्कर्ते. तेजसवर ते अर्धा तास बोलतात. पण घरातलं सगळं चिलखती दल जपानी आणि चिनी, हे कुणी दाखवून दिलं की त्यांना अचानक औषधाची वेळ आठवते. मला विचाराल तर सत्तर टक्के जरा जास्तच होतात. पण तो वित्तमंत्र्यांचा आणि वहिनींचा प्रश्न आहे, आणि त्या दोघींचं यावर एकमत आहे.

देशी मालाचा एक अध्याय मात्र घरात नाजूक आहे. मुलगा लहान असताना त्याच्याकडे जी. आय. जो होते, पावणेचार इंची. मूळ अमेरिकन खेळणं, पण आपल्याकडे ते फनस्कूलनं काढलं. त्या कंपनीचा कारखाना गोव्यात कोर्लिमला, आमच्यापासून घाट उतरला की पलीकडे. त्या वेळी ब्रिगेडियरांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ना एकास पस्तीस, ना एकास बहात्तर! मुलगा मोठा झाला, पुण्याला गेला. वहिनींनी पिशवीभर जो आणि दोन जुने शर्ट देऊन भांडेवालीकडून स्टीलचा एक डबा घेतला, झाकणासकट. पुढे कधीतरी ब्रिगेडियरांच्या वाचनात आलं की भारतीय जो अमेरिकन जोपेक्षा वेगळ्याच रंगांत निघायचे, आणि नेमक्या त्या भलत्या रंगांसाठी परदेशातले संग्राहक त्यांच्या मागे असतात. ते बायकोला काही बोलले नाहीत. मात्र त्या डब्यातल्या चकल्यांना ते हात लावत नाहीत. वहिनी हल्ली चकल्या मुद्दाम त्यातच ठेवतात. पुरतात जास्त दिवस.

घरात एकास एक अशी एकच लष्करी वस्तू आहे. जुनी विक्रांत युद्धनौका १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ साली 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली. ब्रिगेडियरांनी गुडघेदुखीची पर्वा न करता ती घेतली. दुर्गदबैलला भाजी आणायला जाताना ते पेट्रोलच्या टाकीवर हात फिरवतात. परत आले, स्टँड लावला, की आत ऐकू जाईल असं म्हणतात, "विक्रांत बंदरात लागली!" पिशवीत मेथीची जुडी असते.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी वहिनींना शिर्डीला नेतो म्हणून सांगितलं. गाडी नगरला थांबली. तिथं चिलखती दलाच्या केंद्रात १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालय आहे, पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या, पकडलेल्या पॅटनसकट. वहिनी सांगतात, "एवढा वेळ हे साईबाबांपुढे उभे राहिले नाहीत. सेंचुरियनच्या पट्ट्याचा फोटो काढायला जमिनीवर आडवे झाले, तर शिपायाला वाटलं चक्कर आली." शिर्डी झाली, पण ओझरतीच. घरी आल्यावर साईबाबांची उदी देवघरात गेली आणि नगरची धूळ एका डबीत. पॅटनच्या चाकांना लावायला अस्सल माती हवी होती.

आता त्यांच्या सध्याच्या मोहिमेकडे येतो, कारण गेल्या दोन दिवाळ्या तिच्याशिवाय घरात दुसरा विषय नाही.

जर्मन आणि रशियन रणगाडे करून करून ब्रिगेडियरांना एक दिवस वाटलं, आपल्या गावाजवळचं एखादं युद्ध का करू नये? आणि त्यांना धारवाडचा वेढा सापडला. सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान, बाहेर परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज आणि मदतीला कॅप्टन लिटलची मुंबईकडची इंग्रज तुकडी. त्या तुकडीत एडवर्ड मूर नावाचा विशीच्या आतबाहेरचा अधिकारी होता. पुढे १८१०मध्ये 'हिंदू पँथिऑन' हा हिंदू देवदेवतांवरचा जाडजूड ग्रंथ लिहिणारा तोच. त्यानं या मोहिमेची हकिगत लिहिली, ती १७९४ साली लंडनला छापली गेली. ब्रिगेडियरांनी ती भिंग घेऊन वाचली आणि एका संध्याकाळी मला हाक मारून बोलावलं. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं मुलाचं लग्न ठरलं.

मूरनं मराठी तोफखान्याचं जे वर्णन केलंय ते असं: तोफ ठासायची, मग मोर्चावरच्या सगळ्या मंडळींनी खाली बसायचं, गप्पा मारायच्या, ओढत राहायचं. अर्ध्या तासानं तोफ डागायची. समोर चांगला धुरळा उडाला की काम झालं असं समजायचं. पुन्हा ठासायची, पुन्हा बसायचं. आणि दुपारी एक ते तीन या वेळात दोन्ही बाजूंनी सहसा तोफ उडत नाही, कारण ती वेळ, जणू उभयपक्षी ठरल्याप्रमाणे, जेवणाची.

"एक ते तीन!" ब्रिगेडियर टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "कळलं का? दोन्ही बाजूंनी! शत्रूसुद्धा!"

वहिनी आतून म्हणाल्या, "धारवाडच की ते. त्यात काय एवढं."

"या सैन्यात," ब्रिगेडियर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "या सैन्यात मी भरती झालो असतो."

तेव्हापासून जेवणाचं टेबल गेलं. प्लायवूडच्या फळीवर थर्माकोलचा तट उभा राहिला, खंदक झाला. इंग्रज शिपाई सोपे गेले. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांचे तयार संच मिळतात, ते कापून जुळवले. पटवर्धनांचे गोलंदाज कुठलीच कंपनी काढत नाही. जपानला परशुरामभाऊंचं सोयरसुतक नाही. म्हणून ब्रिगेडियर ते स्वतः घडवताहेत, तारेच्या सांगाड्यावर एमसील थापून. एकास बहात्तर म्हणजे माणूस अडीच सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि त्याच्या डोक्यावर मराठा पागोटं. मांडी घालून बसलेला माणूस तर त्याहून अवघड: पाय आत घेतले की एमसील फुटतं. धुरळ्यासाठी धारवाडची काळी माती आणली आणि वहिनींच्या मैद्याच्या चाळणीतून गाळली. चाळणी तेव्हापासून लष्करी मालमत्ता आहे. तोफ झाली, तट झाला, धुरळा झाला, बारा गोलंदाज गोल करून बसले. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड किल्ल्याकडे नाही, आणि ब्रिगेडियरांच्या मते तीच या कामातली खरी ऐतिहासिक अचूकता.

अडलंय ते एकाच ठिकाणी. मंडळी ओढत बसली होती, एवढं मूर सांगतो. हुक्का की चिलीम, ते त्या वर्णनात नाही. ब्रिगेडियरांनी दोन महिने विचार करून निकाल दिला: गोलंदाजांना चिलमी, जमादाराला हुक्का. चिलमी जिऱ्याच्या झाल्या. हुक्का मात्र साधत नाही. दोन फुटी हुक्का बहात्तराव्या हिश्शात आठ-साडेआठ मिलिमीटर भरतो, त्याला नळी हवी, आणि नळीला वळसा. घड्याळाची स्प्रिंग, सतारीची तार, वहिनींच्या नथीतली एक कडी, सगळं वापरून झालं. नथीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे एकास बहात्तर प्रमाणातला हुक्का असेल, किंवा तो करून देणारा कारागीर माहितीत असेल, तर कृपया विद्यानगरात येऊन ब्रिगेडियरांना भेटावं. घर कुणीही दाखवेल. फक्त दुपारी एक ते तीन बेल वाजवू नये.